टेंभेकरजींचा बारावा भाग

मी चौथी पास. पाचवीच्या वर्गात चार महिने बसलो होतो, पण ते कोणी धरत नाही. तरी अकरा भागांची एक कादंबरी मी नऊ वेळा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ऐकली आहे. माझा मुलगा बी.कॉम. आहे, सून एम.ए. आहे, दोघांनी मिळून एक पुस्तक दोनदा वाचलेलं मला दाखवावं. टेंभेकरजींबद्दल लिहायचं मनात आलं तेव्हा सून म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा, मी लिहून घेते." मी म्हटलं, माझा हात अजून शाबूत आहे. शिवाय ती लिहिताना सुधारत बसली असती.

पुंडलिकराव टेंभेकर हिंगण्याला नट-बोल्टच्या कंपनीत स्टोअरकीपर होते. मी तिथेच पॉवर प्रेसवर, लोखंड दाबून तुकडे काढणाऱ्या मशीनवर. दोघेही नागपुरात इतवारीत राहायचो. ते भांडेवाल्यांच्या गल्लीत, मी जरा मागे. त्यांची बायको लवकर गेली. मुलगी एकच, कुसुम. त्या कुसुमचं जुळत आलेलं लग्न एका कादंबरीपायी मोडलं. हुंड्यापायी नाही, पत्रिकेपायी नाही, कादंबरीपायी. ते परत जोडायला मी मध्ये पडलो. लोक म्हणतात मी मध्ये तडमडलो. काय केलं ते मी सांगतो, मग ज्याला जे म्हणायचं ते म्हणा.

कादंबरीचं नाव 'सात बुरुजांचं राज्य'. मेघावती नावाची राणी, धूम्रनाथ नावाचा जादूगार, बोलणारे दरवाजे, माणसांच्या सावल्या विकणारा एक बाजार, आणि एकामागे एक सात बुरूज. बुरुजाच्या दाराला कुलूप नाही, कडी नाही. दार एक प्रश्न विचारतं. उत्तर चुकलं की माणसाचा दगड. मला वाटलं, हे लेकराबाळांचं काम आहे. पण टेंभेकरजी तेव्हा पन्नाशीला टेकले होते, डोक्यावर एक केस नव्हता, चष्म्याला एका बाजूला काडीऐवजी दोरा होता, आणि ते धूम्रनाथाबद्दल असं बोलायचे की जणू त्याची बदली आमच्याच कंपनीत व्हायची आहे. मग मीही सरसावून बसलो. लिहिणाऱ्याचं नाव ते कधी घ्यायचे नाहीत. नुसतं 'ग्रंथकर्ते' म्हणायचे आणि मान थोडी खाली घालायचे.

माझं एक सांगून ठेवतो. छप्पन साली आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी चांगला जाणता होतो. बापानं घरातली पोथी त्याच आठवड्यात बाहेर काढली आणि म्हणाला, "आजपासून कोनतंच पुस्तक डोये मिटून ऐकाचं नाही." मी ते पाळलं. टेंभेकरजींचं पुस्तक मी नऊ वर्षं डोळे उघडे ठेवून ऐकलं. डोळे मिटून ऐकणारे बसमध्ये दुसरे होते, त्यांना आम्ही झोपलेले म्हणायचो.

तर ती बस. पहिल्या पाळीची कंपनीची बस सकाळी सहाला इतवारीतून निघायची. हिंगण्यापर्यंत पन्नास मिनिटं. टेंभेकरजी ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला पाठ टेकून, रस्त्याकडे पाठ आणि आमच्याकडे तोंड करून उभे राहायचे. चढण्याआधी नळावर हात धुवायचे, धोतराच्या सोग्याला नाही, खिशातल्या वेगळ्या रुमालाला पुसायचे. मग पिशवीतून लाल फडक्यात बांधलेला भाग निघायचा. येताना बस घोरत यायची, तेव्हा ते खालच्या मानेनं उद्याचं वाचून ठेवायचे. वीसदा वाचलेलं पुस्तक, तरी तयारी. आमच्या साहेबलोकांनी कारखान्याची एवढी तयारी केली असती तर कारखाना अजून चालू असता.

नियम पुष्कळ होते. वाचताना खायचं नाही, बिडी ओढायची नाही, आणि पुढे काय होतं ते विचारायचं नाही. एकदा एका नव्या वेल्डरनं विचारलं, "जादूगार मरते का नाही शेवटी?" टेंभेकरजींनी पुस्तक बांधून ठेवलं ते दोन दिवस उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी युनियनचे सेक्रेटरी स्वतः इतवारीच्या बसमध्ये बसून आले आणि वेल्डरला माफी मागायला लावली. त्या वर्षी युनियनचा यशस्वी झालेला हा एकच तंटा.

आणि एक गंमत होती. दरवर्षी तीच पानं, तरी तिसऱ्या बुरुजाचं दार करकरलं की टेंभेकरजींचा स्वतःचा आवाज कापायचा. "अरे बापरे!" म्हणायचे, आणि ते पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

मी एकदा विचारलं, "टेंभेकरजी, तुम्हाले तं मालूम हाय का दार उघडते. मंग काहून घाबरता?"

"मले मालूम हाय गा, सुखदेव. आत जाऊन राहिला त्या शिपायाले मालूम नाही ना."

त्या दिवसापासून दार करकरलं की मीही पाय आखडून घ्यायला लागलो.

आमचे ड्रायव्हर रहीमभाई. त्यांना मराठी समजायचं, पण बोलायचे आपलंच. एका सकाळी चौथ्या बुरुजात शिपाई अडकलेला, दगड व्हायला गुडघ्यापासून सुरुवात झालेली, आणि समोर कंपनीचं फाटक दिसू लागलं. रहीमभाईंनी बस कडुलिंबाखाली उभी केली आणि इंजिन बंद केलं. म्हणाले, "टेंभेकरसाब, पहले इसको बाहर निकालो. फिर गाडी हिलेगी." शिपाई बाहेर निघाला, पण सव्वाचारशे पावलांवरचं फाटक तोवर बंद झालं होतं. टाइम ऑफिसचे साहेब बाहेर येऊन ओरडले, चाळीस माणसं उशिरा कशी? रहीमभाई खरं बोलणारा माणूस. म्हणाले, "साब, अंदर एक आदमी फँसा था."

साहेब घाबरले. "वाचला ना?"

"बच गया साब. घुटने तक पत्थर हो गया था, मगर बच गया."

साहेबांना त्यातलं 'पत्थर' तेवढं कळलं. दगडगिट्टीच्या ट्रकचा अपघात समजून त्यांनी आम्हा सगळ्यांना आत घेतलं, आणि रजिस्टरात लिहिलं की कामगारांनी एका इसमाचे प्राण वाचवले. नोटीस बोर्डावर अभिनंदन लागलं. टेंभेकरजींनी ते वाचलं आणि गंभीरपणे म्हणाले, "पहिल्यांदाच कंपनीनं खरं लिहिलं."

स्टोअरमध्येही पुस्तकच होतं. रॅकना त्यांनी बुरुजांची नावं दिली होती. बोल्ट धूम्रबुरुजात, नट मेघबुरुजात, वॉशर सावल्यांच्या बाजारात. प्रेसवरचा कोणीही अडाणी माणूस डोळे झाकून सामान आणायचा, कारण पाव इंची आणि तीन अष्टमांश यातला फरक कोणाच्या लक्षात राहत नाही, पण कोणत्या दारात माणसाचा दगड होतो ते राहतं. मग पुण्याहून एक नवे परचेस साहेब आले. त्यांनी सगळीकडे नंबर चिकटवले. अ-१, अ-२, ब-१. तीन दिवस कोणाला काही सापडेना. प्रेस थांबले. टेंभेकरजी हाताची घडी घालून स्टुलावर बसून राहिले. साहेबांचा हुकूम, आपण काय बोलणार! चौथ्या दिवशी साहेब स्वतः स्टोअरच्या खिडकीत आले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "ते अर्ध्या इंची वॉशर… त्या बाजारातले… जरा काढता का?" नंबर चिकटलेलेच राहिले. नुसते चिकटलेले.

आता बाराव्या भागाची गोष्ट.

अकराव्या भागाच्या शेवटच्या पानावर मेघावती सातव्या बुरुजात सापडते. दार तिला शेवटचा प्रश्न विचारतं. 'राणीने ओठ उघडले.' झालं, भाग संपला. त्यानंतर म्हणे सहा वर्षं काहीच आलं नाही. मग बारावा भाग आला, तो पातळ कागदावर, दुसऱ्याच अक्षरात, मुखपृष्ठावर राणीचं नाक वेगळं. बाजारात कुजबुज सुरू झाली की ग्रंथकर्ते आजारी आहेत, हे त्यांच्या पुतण्यानं लिहिलं. टेंभेकरजींनी सीताबर्डीच्या दुकानात उभ्याउभ्या पहिल्या चार ओळी वाचल्या, पुस्तक खाली ठेवलं, आणि दुकानदाराला म्हणाले, "हा हात त्यांचा नव्हे." पुस्तकाबद्दल बोलताना त्यांची भाषा अशी कपडे बदलून यायची. त्या दिवसापासून त्यांच्यापुरता बारावा भाग नव्हता.

त्यांच्यापुरता म्हणजे आमच्यापुरताही. दरवर्षी आमची बस त्या उघडलेल्या ओठांपर्यंत यायची, आणि दुसऱ्या सोमवारी परत पहिला भाग सुरू. नऊ वर्षं राणी तोंड उघडून उभी. बसमध्ये दहा-बारा माणसं चांगली वाचणारी होती, पण एकानंही बाजारातून बारावा आणला नाही. टेंभेकरजींच्या तोंडून आलं नाही ते घडलंच नाही, असं आमचं झालं होतं. पोथी सोडलेला मी, मीही त्यातच. आता हसू येतं. तेव्हा नव्हतं येत.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या साली कुसुमला स्थळ आलं. त्यांच्याच नात्यागोत्यातलं, कुहीचं. मुलगा विलास तालुक्याच्या शाळेत मास्तर. बाप गणपतराव भुरे, धानाचा शेतकरी आणि गावच्या वाचनालयाचा अध्यक्ष. बघायला आले त्या दिवशी टेंभेकरजींनी मला आपला माणूस म्हणून बसवून घेतलं.

भुरेजी पाटावर बसले, पोह्यांची बशी हातात घेतली, आणि त्यांची नजर काचेच्या कपाटात गेली. अकरा लाल पुठ्ठे.

"सात बुरूज?" त्यांनी चमचा बशीत टाकला.

"तुम्ही वाचलं?"

"वाचलं म्हंजे? चार डाव वाचलं! सांगा मंग, पाचव्या भागात घोडा कोनत्या दारातून येते?"

"घोडा येतच नाही. त्याची सावली येते."

भुरेजींनी बशी खाली ठेवली, उठले आणि टेंभेकरजींना कडकडून मिठी मारली. पुढचे दोन तास मुलीकडे कोणी पाहिलं नाही. कुसुम चहा घेऊन आली, दोघांनी मान न वळवता कप उचलले. दुसऱ्यांदा आली, तेच. शेवटी विलासनंच तिच्या हातातला ट्रे घेतला आणि दोघं मागच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. त्या काळात बघायच्या कार्यक्रमात मुलामुलीला इतकं निवांत बोलायला नागपुरात कोणाला मिळालं नसेल. कुसुम दोनदा हसलेली मी पाहिली. त्या घरात तिला हसताना मी फारसं पाहिलं नव्हतं. मी मनात म्हटलं, जमलं.

तेवढ्यात भुरेजी डोळे पुसत म्हणाले, "आन् बाराव्यात रानी उत्तर देते, तवा तं मी वावराच्या धुऱ्यावर बसून रडलो, टेंभेकरजी."

"कोनत्या बाराव्यात?"

"बाराव्या भागात."

"बारावा भाग नाही."

"नाही कसा? माह्या घरी हाय. वाचनालयाचा शिक्का हाय त्याच्यावर."

"शिक्का तुम्ही बैलाच्या पाठीवरबी माराल. तो ग्रंथ नव्हे. पुतन्याच्या पोटापान्याचा धंदा हाय तो."

भुरेजींचा चेहरा पांढरा पडला. "म्हंजे मी पुतन्यासाठी रडलो?"

"ते तुमचं तुम्ही पाहा."

"ज्या मानसाले शेवटच मालूम नाही," भुरेजी उठत म्हणाले, "त्याच्या घरी सोयरीक…" वाक्य पुरं केलं नाही, पण चप्पल घातली. विलास खिडकीतून वळून बघत होता. बापानं त्याला दंडाला धरून नेलं, चोवीस वर्षांच्या मास्तराला.

मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा टेंभेकरजी घरी नव्हते. कुसुम तांदूळ निवडत होती. म्हणाली, "काका, माह्या आईचा चेहरा मले आता नीट आठवत नाही. पन मेघावतीच्या सात दासींचे नावं झोपेतून उठवलं तरी सांगीन. लहानपनी मले भूक लागली म्हटलं तं बाबा म्हनत, थांब वं, दार उघडू दे. मी थांबली. किती दारं थांबली, काका." मग तिनं सूप खाली ठेवलं. "ती रानी नऊ वर्षांपासून उभी हाय. मी किती वर्षं उभी राहू?"

मी सरळ कुहीची एसटी पकडली.

भुरेजी खळ्यावर होते. मला पाणी दिलं, पाट दिला, आणि म्हणाले, "पोरगी मले पसंत हाय. पोराले तं फारच पसंत हाय, त्यानं कालपासून बोलनं टाकलं. पन माही एक अट हाय. टेंभेकरजीनं बारावा भाग एक डाव वाचावा. वाचून मंग खोटा म्हनो का खरा म्हनो, मी हात जोडीन. वाचल्याबिगर खोटा म्हनते, ते मले चालत नाही."

मला अट वाजवी वाटली. कोर्टातसुद्धा इतकी वाजवी लावत नाहीत. त्यांनी पुस्तक कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं. स्टँडपर्यंत विलास सोडायला आला आणि एसटी सुटता सुटता म्हणाला, "काका, मी तं पहिला भागबी पुरा वाचला नाही. घरी सांगू नका."

दुसऱ्या दिवशी स्टोअरच्या खिडकीतून मी कागदाचं पुडकं आत सरकवलं. टेंभेकरजींनी हात मागे घेतला, जसा काही मी विंचू दिला.

"एक डाव वाचा. पोरीसाठी."

"पोरीसाठी रक्त मागा, देतो. हे नाही."

"काहून नाही? अक्षरंच हायेत ना?"

टेंभेकरजी चष्म्याचा दोरा नीट करत म्हणाले, "सुखदेव, नऊ वर्षं मी चाळीस मानसाईले सांगतलं का हा खोटा हाय. आता वाचला, आन् खरा निंगाला तं?"

मला तेव्हा कळलं की हा हट्ट नाही, ही भीती आहे. आणि भीतीवर समजुतीच्या गोष्टी चालत नाहीत, हे मी प्रेसवर शिकलो आहे. नवा माणूस प्रेसला भितो, त्याला भाषण देत नाही आम्ही. हात धरून पहिला तुकडा काढून घेतो.

येत्या सोमवारी पहिला भाग सुरू व्हायचा होता. टेंभेकरजी नळावर हात धूत होते तेवढ्यात मी बसमध्ये चढलो आणि त्यांच्या जागेवर, दांड्याला पाठ लावून उभा राहिलो. हातात बारावा भाग. ते चढले, मला पाहिलं, काही न बोलता पहिल्या सीटवर बसले, डोळे मिटले आणि दोन्ही कानांत बोटं घातली. रहीमभाईंनी गिअरसुद्धा हळू टाकला.

मी वाचायला लागलो.

लोक आजही म्हणतात की सुखदेवनं मुद्दाम वाईट वाचलं. हे खोटं आहे. मी मुद्दाम काहीही वाईट केलं नाही. मला येतं तसं वाचलं, आणि मला वाटतं चांगलं वाचलं. फरक एवढाच की मी प्रत्येक शब्दाला त्याचा मान देतो. "राणीने. ओठ. उघडले. आणि. ती." इथे ओळ संपली म्हणून मी थांबलो. ओळ संपल्यावर थांबायचं, असं आम्हाला चौथीत शिकवलं होतं. मग खालच्या ओळीला बोट लावलं. "म्हणाली." मागून कोणी कण्हलं. धूम्रनाथाची गर्जना आली ती मी रेशनच्या दुकानात नावं पुकारतात तशी वाचली, कारण गर्जना करायची असं पुस्तकात कुठे लिहिलेलं नव्हतं. पान संपलं. मी थुंकी लावून उलटलं आणि पुढे वाचू लागलो.

"थांब!"

टेंभेकरजी उभे होते. बोटं कानांत नव्हती, कधीची नव्हती ते त्यांनाच माहीत.

"दोन पानं उलटली तू! दार उघडलं नाही, तं रानी बाहेर कशी येऊन राहिली?"

"आली तशी आली," मी म्हटलं. "पुतन्याचं पुस्तक हाय. तुम्हाले काय करायचं हाय?"

"दे इकडं," ते म्हणाले. "कोनीबी लिहिलं असो. पुस्तकातल्या मानसाले असं मारू नये."

त्यांनी पुस्तक घेतलं, चिकटलेली पानं नखानं सोडवली, आणि मी नासवलेलं पान पहिल्यापासून वाचायला घेतलं. मी खाली बसलो. राणीनं काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. ज्यांनी वाचलं नाही त्यांचा तो हक्क आहे. एवढंच सांगतो की चाळीस माणसांपैकी एकही झोपलेला नव्हता, आणि रहीमभाईंनी त्या दिवशी बस थांबवली नाही, डोळे भरून त्यांना रस्ता दिसेनासा झाला होता, तरी ते चालवत होते.

बारावा भाग तीन आठवडे चालला. टेंभेकरजी एकदाही "अरे बापरे" म्हणाले नाहीत. सरळ, एका आवाजात वाचत गेले. शेवटचं पान झालं तेव्हा पुस्तक मिटलं आणि लाल फडक्यात नाही, भुरेजींच्याच कागदात बांधलं. कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

त्या रविवारी आम्ही दोघं कुहीला गेलो. भुरेजींनी वाचनालयात बसवलं आणि वर सात-आठ गावकरी साक्षीला बोलावून ठेवले. विलास दाराबाहेर उभा होता, बापाला दिसेल असा. भुरेजी म्हणाले, "बोला टेंभेकरजी. खरा का खोटा?"

मी त्यांच्या मांडीला चिमटा काढला. खरा म्हणा आणि मोकळे व्हा.

"खरा हाय," टेंभेकरजी म्हणाले.

भुरेजींनी मांडीवर थाप मारली.

"थांबा. खरा हाय, पन वाईट हाय."

मी डोक्याला हात लावला.

"पुतन्यानं लिहिला असता तं बरं झालं असतं," टेंभेकरजी म्हणाले. त्यांची भाषा या वेळी कपडे बदलायला गेली नाही. "सहाव्या पानावर धूम्रनाथाच्या काठीची मूठ चांदीची हाय, पुढं ती लाकडाची होते. अकरा भागाईत त्याईनं कोनाच्या अंगठीचा खडा बदलला नाही. मी म्हनलं, हा दुसराच कोनी. पन सावली येनार असली का त्याच्या अंगोदर तो एक वाक्य लहान करते. पहिल्या भागापासून करते. ते चोरता येत नाही, भुरेजी. हात त्याचाच हाय. थकला होता तो. त्याले घरी जायाचं होतं, म्हनून त्यानं सगळ्याईले घाईघाईनं घरी पाठवलं."

भुरेजींनी पुस्तक हातात घेऊन सहावं पान काढलं. मग लहान मुलासारखं विचारलं, "मंग मी रडलो ते चुकलं का?"

"नाही गा. तुम्ही रानीसाठी रडले. मी लिहिनाऱ्यासाठी."

बाहेर विलासनं दाराच्या चौकटीला डोकं टेकवलं. लग्न धान घरात आल्यावर झालं. भुरेजींनी वरातीत मला फेटा बांधला, आणि माझ्या वाचनाची गोष्ट सगळ्या मांडवाला सांगितली, चुकीची सांगितली. मी मध्ये बोललो नाही, लग्नाचं घर होतं.

बसचं सांगायचं तर, कुहीहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, बस भरली, सगळे आपापल्या जागेवर बसले, कोणी बिडी पेटवली नाही. टेंभेकरजी चढले, पिशवी न घेता. पहिल्या सीटवर बसले आणि डोळे मिटले. मंगळवारी तेच. बुधवारी रहीमभाईंनी आरशातून विचारलं, "क्यों साब? पहला भाग?"

"नाही होत, रहीमभाई," ते म्हणाले. "पहिला उघडला का आता मले तो लिहिनारा म्हातारा दिसते. दारं बोलून राहिले, घोडे उडून राहिले, आन् मांगं तो म्हातारा दम खाऊन राहिला."

पुढच्या आठवड्यात कोणीतरी ट्रान्झिस्टर आणला. त्यावर सकाळी शेतकऱ्यांसाठी कपाशीवरच्या किडीची माहिती लागायची. नऊ वर्षं सावल्यांचा बाजार ऐकलेली माणसं मावा आणि तुडतुडे ऐकत हिंगण्याला जाऊ लागली. दोन-तीन जणांनी माझ्याशी बोलणं सोडलं. म्हणाले, तू बारावा आणला नसता तर आपली राणी अजून उभी असती. मी म्हटलं, राणीचं तुम्ही बोला, कुसुमचं कोण बोलेल? मला पस्तावा नाही. मला कोणी विचारलं तर मी हेच सांगतो. कोणी विचारत नाही.

कुसुमच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात टेंभेकरजी रिटायर झाले. कंपनीनं हार घातला, नारळ दिला. परचेस साहेबांनी भाषण केलं आणि त्यात स्टोअरच्या नंबर पद्धतीचं श्रेय टेंभेकरजींना दिलं. चार वाजता ते शेवटचे परतीच्या बसमध्ये बसले, माझ्या शेजारी, गळ्यात हार तसाच. वाचायला काही नव्हतं आणि झोप येत नव्हती. थोड्या वेळानं त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात मारला.

"सुखदेव, हे पानी कायचं?"

"कोनतं?"

"हे. एवढं मोठं."

"टेंभेकरजी, अंबाझरी तलाव हाय."

"रोज इथंच होता?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. ते उठून खिडकीच्या गजांना धरून उभे राहिले. पाण्यावर ऊन होतं, काठावर दोन म्हशी बसल्या होत्या, एक माणूस सायकल धूत होता. यात बघण्यासारखं काही नाही. मी हजारदा पाहिलेलं आहे.

"रहीमभाई, जरा थांबवता?" ते म्हणाले, आणि मग मला, "कुसुम आली असंल घरी. लेकराले घेऊन येनार होती. तिले सांग, बाबा तलाव पाहून येते, मंग सिटी बसनं येईन. जेवून घे म्हना, माही वाट नोको पाहू."

ते उतरले. बस हलल्यावर मी मागच्या काचेतून पाहिलं. गळ्यात कंपनीचा हार, बगलेत नारळ, चपला हातात, आणि टेंभेकरजी सायकल धुणाऱ्या माणसाला काहीतरी विचारत पाण्याकडे उतरत होते.